सगळ्यांनी गमन करा

लग्न होऊन बंगळूरला, मल्लेश्वरमला आले त्याच्या दुसऱ्याच सकाळी सासरे स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून म्हणाले, "प्रकटणे! नळाला पाणी आलंय."

मी पुण्याची. आमच्याकडे प्रकटतो तो देव, नाहीतर ऐन जेवणाच्या वेळी शेजारीण. कन्नडमध्ये जाहीर सूचनेला प्रकटणे म्हणतात, हे नवऱ्यानं मला नंतर समजावलं. सासरची मंडळी कैक पिढ्यांपासून इथलीच, त्यांच्या मराठीत असं बरंच काही येऊन राहिलेलं.

सासऱ्यांना सगळेच अण्णा म्हणतात, मीही. अण्णांना साधं सांगणं ठाऊकच नाही. "प्रकटणे! इडल्या झाल्या." "प्रकटणे! माझा चष्मा हरवलाय. ज्याला सापडेल त्यानं मुकाट्यानं आणून द्यावा." आधी मला हसू यायचं, मग रविवारी भल्या सकाळी ऐकून डोकं फिरायचं, आणि पुढे पुढे त्याशिवाय दिवस सुरू झाल्यासारखाच वाटेना.

आमच्या मराठी मंडळाचा माइकही वर्षानुवर्षं त्यांच्याकडेच. पूर्वी मंडळात सगळी जुनी घरं होती. आता सर्जापूर रोडच्या सोसायट्यांमधून आयटीवाली कुटुंबं येतात, अध्यक्षही त्यांच्यातलेच. त्यांचं मराठी माझ्यासारखं, म्हणजे निम्मं इंग्रजी, पण उरलेल्या निम्म्याचा अभिमान फार.

यंदा संक्रांतीच्या कार्यक्रमात अण्णा माइकवर आले. "एक महत्त्वाचं प्रकटणे आहे. सगळ्यांनी गमन करा," म्हणाले आणि सराईतासारखे जरा थांबले. कन्नडमध्ये गमन म्हणजे लक्ष. लक्ष द्या, पाहुण्यांचं भाषण सुरू होतंय, एवढंच त्यांना म्हणायचं होतं. पण नव्या मंडळींच्या मराठीत गमन म्हणजे जाणं, आणि शेजारच्या खोलीतून मसालेभाताचा वास सुटलेला. अर्धा हॉल पर्सा उचलून निघाला. "अहो, गमन करा, गमन करा!" अण्णा कळवळून सांगत होते, तसतसे उरलेलेही उठत होते. पाहुणे हातात कागद धरून रिकाम्या खुर्च्यांकडे बघत राहिले.

आठवड्याभरात अध्यक्ष घरी आले. कॉफी पिऊन झाल्यावर म्हणाले, "गैरसमज नको अण्णा, पण यापुढे निवेदन सूनबाईंनी करावं. म्हणजे जरा प्रॉपर मराठीत होईल."

मी नको म्हणायला तोंड उघडलं, तोवर अण्णा म्हणाले, "सरी." बरं, एवढाच त्याचा अर्थ. मग कपबश्या उचलून आत गेले.

त्या दिवसापासून घरातली प्रकटणी बंद झाली. पाणी यायचं आणि जायचं, कुणाला पत्ता नसायचा. इडल्या निवायच्या. न राहवून मी एकदा विचारलं, "अण्णा, आज काही प्रकटणे नाही?"

"कशाला अम्मा?" ते म्हणाले. सुनेलाही ते अम्मा म्हणतात. "तुमच्यासारखं बोलायला मला येत नाही."

मला फार वाईट वाटलं. घर नुसतं शांत नव्हतं, रुसल्यासारखं झालं होतं.

पाडव्याच्या कार्यक्रमाला माइक माझ्या हातात आला. "कृपया इकडे लक्ष द्यावे, ही नम्र विनंती," मी म्हणाले. कुणी ढुंकून बघितलं नाही. साड्यांची चौकशी चालू, फोन चालू, पोरं खुर्च्यांखालून पळतायत. मी तेच वाक्य पुन्हा म्हटलं. पहिल्या रांगेत अण्णा मान खाली घालून आपल्या चपलांकडे बघत बसले होते. ते बघितलं आणि माझं डोकंच सटकलं. हॉलवर, अध्यक्षांवर आणि माझ्या त्या प्रॉपर मराठीवरही.

"प्रकटणे!" मी ओरडले. "सगळ्यांनी गमन करा!"

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या, आणि मग जे हसू फुटलं! हसत हसतच सगळे जागेवर बसले, जुने आणि नवेही. पुऱ्या तळल्याचा वास येत होता, तरी दाराकडे कुणी गेलं नाही.

"पुढचं प्रकटणे अण्णा करतील," मी म्हणाले आणि माइक पुढे धरला. पहिली टाळी अध्यक्षांनीच वाजवली. माणूस वाईट नाही. अण्णा उठले, धोतर सारखं केलं, घसा खाकरला आणि मला हळूच म्हणाले, "स्वल्प बाजूला हो अम्मा." मग पाहुण्यांचं भाषण, जेवणाच्या पंगती, कुणाची तरी सापडलेली छत्री, सगळं त्यांनी दणक्यात जाहीर केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अजून अंथरुणातच होते. स्वयंपाकघरातून खणखणीत आवाज आला.

"प्रकटणे! कॉफी झालीय. सूनबाईंनी गमन करावं!"

मी लगेच केलं. दोन्ही भाषांतलं.