साखरपुड्याच्या दुसऱ्या दिवशीची दौड

लोक विचारतात, बाई, या वयात पळता, गुडघे दुखत नाहीत? दुखतात. न दुखायला काय झालं. पण मला कुणी "आता बस करा" म्हटलं की माझं डोकं फिरतं, आणि दुसऱ्या दिवशी मी अर्धा मैल जास्त पळते. ही खोड कुठून लागली ते सांगते.

मी तेव्हा सतरा-अठरा वर्षांची. आमचं घर बऱ्हाणपुरात, बुधवाऱ्यात. आप्पा, म्हणजे माझे वडील, शाळेत ड्रिल मास्तर होते. रोज पहाटे पाचला ते मला आणि धाकट्या बहिणीला उठवायचे आणि आम्ही तिघं राजघाटापर्यंत पळत जायचो, तापीच्या वाळूत चार फेरे मारायचो आणि पळत घरी यायचो. आप्पांच्या गळ्यात लाल दोरीला शिट्टी असायची. अंघोळीलासुद्धा काढायचे नाहीत. एक लांब शिट्टी म्हणजे थांबा, जिथं असाल तिथं. दोन तोकड्या शिट्ट्या म्हणजे शेवटचा फेरा, जीव खाऊन पळा. मुलींनी पळायचं म्हणून आधी गल्ली हसली, मग तिला सवय झाली. एखाद्या दिवशी उशीर झाला तर कोपऱ्यावरचा दूधवालाच विचारायचा, "क्यों मास्टरजी, आज लेट?"

माझा साखरपुडा जळगावकडच्या एका घरातल्या मुलाशी झाला, आमच्याच घरी. प्रांतांची नवी वाटणी नुकतीच झाली होती. पाव्हणे मुंबई राज्यातले, आम्ही मध्य प्रदेशातले. जेवताना होणारे सासरे म्हणाले, "तुम्ही आता हिंदीवाले झालात, मास्तर. पोरगी वेळेवर आमच्याकडं येतेय." आम्ही काही कुठं गेलो नव्हतो. आम्ही होतो तिथंच होतो, रेघ ओढणारे दुसरेच होते. पण पाव्हण्यांशी कोण वाद घालणार? आप्पांनी त्यांच्या पानात आणखी एक बट्टी वाढली.

मग मावा जलेबी आली आणि सासऱ्यांना दुसरा विषय सुचला. "मुलगी पळते म्हणे?" ते म्हणाले. "आमच्याकडं आल्यावर ते काम नाही हो. आमच्याकडं टांगा आहे."

सगळी पंगत हसली. मी दाराआडून बघत होते. आप्पाही हसले.

बाकीच्यांचं मला काही वाटलं नाही. पण या माणसानं मला सात वर्षांची असल्यापासून पळवलं होतं. पायात काटा मोडला तरी "फेरा पूर्ण कर, मग काढू" म्हणणारा माणूस. तो मान खाली घालून, वरणात बट्टी कुस्करत हसला. मला इतका राग आला की त्या रात्री मी जेवलेच नाही.

साखरपुड्यात मुलाकडून आलेली साडी, नारळ आणि साखरेचा पुडा आईनं देवाजवळ ठेवला. आमच्यात तो पुडा लग्न लागेपर्यंत फोडत नाहीत. मध्येच काही बिनसलं तर जसाच्या तसा परत करता यावा, म्हणून. पाव्हण्यांची गाडी दुसऱ्या दिवशी दुपारची होती, त्यामुळं ते आमच्याच घरी मुक्कामाला राहिले.

पहाटे मी उठले तर आप्पा अंथरुणातच. रोज पाचला उठणारा माणूस गोधडी डोक्यावरून ओढून पडला होता. जागे होते, मला कळत होतं. मी दोनदा हाक मारली. गोधडीतून आवाज आला, "आज राहू दे."

"आज की कायमचंच?" मी विचारलं.

पळायला जायची माझी सलवार-कमीज मागच्या अंगणात बादलीत भिजत घातलेली सापडली. हे काम आत्याचं, म्हणजे आप्पांच्या थोरल्या बहिणीचं. ती आमच्याकडंच असायची. "पाव्हणे घरात आहेत, आता हे चाळे पुरे," असं ती आदल्या दिवसापासून म्हणत होती. साखरपुडा मोडलेल्या मुलीला पुन्हा स्थळ येत नाही, हेही ती मला ऐकवत होती. ते मला माहीत नव्हतं असं नाही. पण आज गेले नाही तर पुन्हा कधीच जाता येणार नाही, हेही मला माहीत होतं.

मी ओली सलवार तशीच पिळायला लागले. आई चुलीपाशी होती. माझी आई बोलायची कमी. पळण्याच्या बाबतीत तर तिनं कधी हो म्हटलं नव्हतं आणि नाहीही. ती उठली, दांडीवरचं तिचं नऊवारी लुगडं ओढलं आणि मला नेसवायला लागली. मागून काष्टा खोचताना एवढंच म्हणाली, "घट्ट खोचलाय. सुटला तर तोंडावर आपटशील."

काष्ट्यात जितकं पळता येतं तितकं सलवारीत येत नाही, हे मला त्या दिवशी कळलं. मी ओट्यावरून उडी मारली आणि सुटले. दूधवाल्यानं बघितलं, पण आज त्याला प्रश्न सुचला नाही. आदल्या दिवसाचं कुंकू घामानं डोळ्यात उतरत होतं.

दोन गल्ल्या ओलांडल्या तोच मागून धाकटीचा आवाज आला, "ताई, सगळे येताहेत." वळून बघितलं तर खरंच सगळे येत होते. आत्यानं आप्पांना उठवलं होतं, "पाव्हण्यांना कळायच्या आत तिला घेऊन ये." पण होणारे सासरे आधीच उठून ओट्याच्या कोपऱ्यात दात घासत बसले होते, मला ते दिसले नव्हते. त्यांनी मला जाताना बघितलं, मग आप्पांना घाईनं निघताना बघितलं, आणि काय प्रकार आहे म्हणून तेही निघाले. पुढं मी, मग परकर वर धरलेली धाकटी, मग धोतराचा सोगा हातात घेतलेले आप्पा आणि शेवटी पोटात आदल्या दिवशीच्या बट्ट्या घेऊन सासरे. मागांवर बसलेले विणकर दारात येऊन बघत होते. एकानं विचारलं, "मास्टरजी, आज मेहमान को भी दौड़ा रहे?"

मी थांबले नाही. घाटाच्या पायऱ्या उतरले आणि वाळूत पहिला फेरा धरला. आप्पा शेवटच्या पायरीवर येऊन उभे राहिले. थोड्या वेळानं सासरे पोचले. त्यांना धाप लागली होती. "थांबवा तिला," ते म्हणाले.

आप्पांनी शिट्टी तोंडाला लावली. एक लांब शिट्टी.

माझे पाय थांबले. मला थांबायचं नव्हतं, पण दहा वर्षांची सवय. त्या क्षणी मला आप्पांपेक्षा माझ्या पायांचा राग आला. मी वळून त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले.

"आप्पा, काल तुम्ही हसलात."

ते शिट्टी हातात धरून उभे होते.

"मी लग्नानंतरही पळणार. तुम्ही सांगा यांना. नाहीतर मी सांगते."

"मुली," सासरे म्हणाले, आवाज चढवला नव्हता त्यांनी, "सासरी हे चालत नसतं. तुझ्या वडलांना कळतंय ते. विचार त्यांना."

मी विचारलं नाही. आप्पांकडं बघत राहिले. आयुष्यात मी त्यांच्याकडं तसं कधी बघितलं नव्हतं. त्यांनी शिट्टी धोतराला पुसली. दोनदा पुसली. मग म्हणाले, "पाव्हणं, काल मी हसलो ते चुकलं माझं."

आणि दोन तोकड्या शिट्ट्या वाजल्या.

धाकटी माझ्या आधी सुटली. मी तिच्या मागं. असा फेरा मी पुन्हा कधी पळाले नाही, खोटं कशाला बोलू. वळताना बघितलं तर आप्पाही सोगा कमरेला खोचून वाळूत उतरले होते. सासरे पायरीवर एकटेच बसले होते.

आम्ही पळतच घरी आलो. सासरे मागून सावकाश चालत आले, हातपाय धुतले आणि बैठकीत बसले. नवरा मुलगा खाली बघत त्यांच्या शेजारी बसला होता. तो वाईट नव्हता. पण बोललाही नाही.

आईनं सगळ्यांना चहा दिला. मी पहिला घोट घेतला आणि थबकले. आमच्या घरी चहा गुळाचा असायचा. हा साखरेचा होता.

"विचार करून कळवतो," सासरे आप्पांना म्हणाले. याचा अर्थ काय असतो ते घरातल्या सगळ्यांना कळतं. आत्यानं तोंडाला पदर लावला. मग तिला व्यवहार सुचला. "वस्तू आत्ताच परत द्या, पुन्हा कुणाचं देणं-घेणं नको," असं पुटपुटत ती देवाजवळ गेली. साडी आणली, नारळ आणला. पुडा मात्र रिकामा, दोरा सुटलेला, तिच्या हातात लोंबत होता.

"अगं, हा कुणी फोडला?" तिनं आईला विचारलं.

"मी," आई म्हणाली.

"आत्ता? यांनी नाही म्हटल्यावर?"

"नाही. हिचा काष्टा खोचला, तेव्हाच. हे घर नको, ते तेव्हाच ठरलं माझं."

सासऱ्यांनी हातातल्या कपाकडं बघितलं, मग आईकडं. मग उरलेला चहा बशीत ओतला आणि संपवला.