तीन फोन, अकरा पत्ते

परवा धूळ पुसताना राउटर उलटा केला, खालच्या पट्टीवर छापलेला कारखान्यातला पासवर्ड दिसला आणि शेलूबाजारच्या घरातली ती दुपार आठवली. लेकीची नोकरीची मुलाखत मोबाईलवर चालू असताना नेट तुटलं आणि मी तिच्यावरच ओरडलो, "पिक्चर पाहून पाहून तूच संपवलं!" तिच्या आईनंही तिलाच दोष दिला. ती रडली नाही. तिनं मोबाईलवर राउटरच्या सेटिंगचं पान उघडून जोडलेल्या फोनांची यादी माझ्यासमोर धरली. "बाबा, घरात फोन तीन, अन् राउटरनं पत्ते वाटले अकरा, म्हंजे अकरा फोन जोडले हायेत. कोणाले सांगतला पासवर्ड?" जीपची वाट पाहत आमच्या ओट्यावर टेकणाऱ्या प्रत्येकाला पाण्याच्या तांब्याबरोबर मीच तो मोठेपणानं सांगायचो. तरी म्हणालो, "मले काय मालूम!" तिनं वायफायचा पासवर्ड बदलला, राउटरच्या सेटिंगचा कारखान्यातला पासवर्डही बदलला. यादीत तीनच पत्ते उरले, तेव्हा मुलाखतीचा फोन पुन्हा लावून तिनं ती पूर्ण केली. नवा पासवर्ड मला न सांगता आमच्या दोघांच्या फोनांत तिनं आधीच स्वतः टाकला होता. मग हळूच म्हणाली, "आता पाव्हण्याले निसतं पाणी देत जा, बाबा." आज ती एका मोठ्या दवाखान्याचं नेटवर्क सांभाळते. काल तिच्या आईला मी खरं सांगितलं, की पासवर्ड मीच वाटत होतो; पोरीनं ते तिला कधीच कळू दिलं नव्हतं. घरच्या नेटला कुलूप लावताना माझ्या पोरीनं बापाची लाजही आत झाकून ठेवली होती.