बापाच्या नावाचं वर्तुळ

माझा पीएच.डी.चा प्रबंध चोरीचा निघाला, आणि चोरी म्हणे मी माझ्याच बापाकडं केली होती.

विद्यापीठात प्रबंध जमा करायच्या आधी तो एका सॉफ्टवेअरमधून काढतात. कुणाचं लिखाण उचललंय का, ते त्यात दिसतं. माझं तिसरं प्रकरण पानंच्या पानं लाल होऊन आलं. पुढं मूळ लेखक म्हणून जे नाव होतं, ते माझ्या वडिलांचं. वडिलांना आम्ही दादा म्हणतो. ते लोहा तालुक्यात शेती करतात. शाळा चौथीपर्यंत झालेली, आणि कॉम्प्युटरला ते अजूनही टीव्हीच म्हणतात. आता बोला!

झालं होतं ते असं. आमच्याकडं लेकराला शाळेत घातल्यापासून नाव एकाच पद्धतीनं लिहायची सवय: आधी आडनाव, मग स्वतःचं नाव, शेवटी बापाचं. लग्नाआधी मी पहिला शोधनिबंध परदेशातल्या एका नियतकालिकाला पाठवला, तेव्हा वेबसाइटवरच्या तीन चौकटी मी त्याच क्रमानं भरून टाकल्या. तिकडच्या लोकांच्या हिशेबी शेवटचा शब्द म्हणजे आडनाव. त्यांनी दादांचं नाव पुरतं छापलं आणि माझं एका अक्षरावर आणून ठेवलं. पुढं जगात ज्यानं ज्यानं माझ्या कामाचा हवाला दिला, त्यानं दादांच्या नावानं दिला. तोच निबंध माझ्या प्रबंधाचं तिसरं प्रकरण.

आणि काम तर माझ्या जिवाचं होतं. अर्धापूरच्या एका शाळेतल्या सातवीच्या पोरांसाठी मी अपूर्णांकांचा खेळ केला होता. डोळ्यांवर तो व्हीआर हेडसेटचा डबा चढवला की पोरगं थेट केळीच्या बागेत उभं. घड उतरवायचे, त्याच्या फण्या करायच्या, टेम्पोत बरोबर वाटून भरायच्या. वाटणी चुकली की टेम्पो जागचा हलत नाही. अर्धापूर म्हणजे केळीचं आगर, तिथल्या लेकरांना केळीचं काय कौतुक? पण फळ्यावर तीन चतुर्थांश लिहिलं की मान खाली घालणारी एक पोरगी तो डबा चढवून ओरडायची, "अगं टाक की अजून एक फणी, हलंना झालंय!" एक जण तर केळ तोडायला म्हणून धावला आणि भिंतीवर जाऊन आदळला. त्यातली बाग मी मांडली, टेम्पोवाल्याचा आवाज मी काढला, चाचण्या मी घेतल्या, त्या तपासल्या मी. दुसऱ्या कुणाचा त्याला हात लागलेला नव्हता.

नाव उलटंपालटं छापलेलं पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी हसले होते. दादांना दाखवलं, तर त्यांना आभाळ ठेंगणं झालं. बाजारात, सोयाबीनच्या काट्यावर, सोयऱ्यांच्या घरी, जातील तिथं एकच, "आपलं नाव अमेरिकेत छापून आलंय." माणसाला एवढा आनंद होतोय तर होऊ द्यावा, असं म्हटलं आणि दुरुस्तीचं राहूनच गेलं. मग लग्न झालं. सासर उदगीरचं, नोकरी लातूरच्या अध्यापक महाविद्यालयात. रीतीप्रमाणं आडनाव बदललं, बापाच्या जागी नवऱ्याचं नाव येऊन बसलं. विद्यापीठाच्या दप्तरी मी कुणी तिसरीच बाई झाले.

तो लाल अहवाल घेऊन मी नांदेडला माझ्या मार्गदर्शक सरांकडं गेले. सर स्वभावानं चांगले, पण भानगड म्हटली की त्यांच्या कपाळाला घाम फुटतो.

"बाई, कशाला डोक्याला ताप करून घेता?" सर म्हणाले. "नाव तर तुमच्या वडिलांचंच आहे ना? त्यांची ना-हरकत आणा, प्रबंधात त्यांच्या नावानं संदर्भ द्या, विषय संपला. नोंदणीची मुदत संपत आलीय तुमची. ती हुकली तर सगळं पहिल्यापासून."

खरं सांगते, मला हायसं वाटलं. बापाची सही आणायला कितीसा वेळ लागतो? सरांनी लिहून दिलेला कागद घेऊन मी तशीच लोह्याच्या बसमध्ये बसले आणि गाव गाठलं.

दादा खुशीतच होते. चष्मा लावून, पेन झटकून तयार. "आण हिकडं. कुठं करायची?" मी म्हटलं, आधी ऐका तरी, आणि वाचायला लागले: माझ्या या संशोधनाचा वापर माझ्या मुलीनं करायला माझी हरकत नाही. पुढचं मी वाचलंच नाही. माझ्या संशोधनाचा! म्हणजे बाग त्यांची, टेम्पो त्यांचा, आणि मी कुणाच्या तरी परवानगीनं त्यात शिरलेली. दादांनी कागदाला हात घातला तसा मी तो मागं ओढला.

"अगं, दे की!"

"दादा, ही सही केली की तो खेळ तुमचा होतो."

"मंग होऊ दे की. तुझं काय अन् माझं काय, येगळं हाय का?"

"येगळं हाय, दादा."

त्यांनी चष्मा काढून ठेवला. "म्हंजे आता बापाचं नाव नको झालंय तुला. लई शिकलीस ना." एवढं बोलून ते उठून गोठ्याकडं गेले, ते मी निघेपर्यंत आले नाहीत. मी हाक मारली नाही. मलाही राग आला होता, आणि त्या रागाखाली रडू होतं.

माझ्या प्रबंधात एक प्रकरण हवाल्यांच्या विश्लेषणाचं होतं. खेळातून शिकवण्याच्या विषयात कोण कुणाच्या कामाचा आधार घेतं, त्याचा नकाशा. ज्याला हवाले जास्त, त्याचं वर्तुळ मोठं. लातूरला परत आल्यावर मी तो नकाशा पुन्हा उघडला. आपल्या भागातलं सगळ्यात मोठं वर्तुळ दादांचं. पार कडेला एक बारकं वर्तुळ, ते माझ्या नवऱ्याचं, कारण लग्नानंतरच्या निबंधाचीही जुन्या सवयीनं चौकटी भरल्यामुळं तीच गत झालेली. दोघांच्या मधे एक रेघसुद्धा नाही. आणि मी? हा सगळा नकाशा काढणारी मी त्यात कुठंच नव्हते. अस्सा संताप आला म्हणता! आपल्याकडच्या अजून किती बायका अशा बापानवऱ्याच्या नावाखाली दडपल्या असतील, हे मनात आलं आणि मी ठरवलं, आता माघार नाही.

दोन्ही नियतकालिकांना लिहिलं. माझं नाव आणि माहेरचं आडनाव, एवढंच ठेवा, बाकी काढा. नवऱ्याला सांगितलं, तर तो म्हणाला, "म्हणजे माझं बी उडालं का?"

"उडालं."

"बरं. संशोधक म्हणून चार दिवस मिरवलो तेवढंच," म्हणाला आणि चहा टाकायला गेला. त्याच्याकडचं एवढ्यावर मिटलं.

नियतकालिकवाले मात्र सहजासहजी ऐकेनात. ओळखीचा पुरावा मागितला. मार्कमेमोवर एक नाव, आधारवर दुसरं. लग्नाचा दाखला जोडला, नावबदलाच्या गॅझेटची प्रत जोडली, शाळेच्या मुख्याध्यापकांचं पत्र जोडलं, खेळाच्या मूळ फायली पाठवल्या. प्रत्येक वेळी उत्तर यायचं, धन्यवाद, आणखी एक गोष्ट हवी आहे. इकडं सरांचा फोन, "तुम्ही तर हट्टालाच पेटलात, बाई."

"हो सर, पेटले. मुदत हुकली तर हुकू द्या. पहिल्यापासून करीन, पण माझ्या नावानं करीन."

सर मग म्हणाले, "बघा बुवा." दुसऱ्या दिवशी मात्र त्यांनी स्वतः नियतकालिकाला पत्र लिहिलं, की हे काम माझ्या देखत या बाईनं केलं आहे. हे मला त्यांच्याकडून अपेक्षित नव्हतं.

शेवटी पहिल्या नियतकालिकानं एकच अट ठेवली. छापलेलं नाव वडिलांचं असेल, तर हे काम आपलं नाही, असं त्यांनी सहीनिशी कळवावं.

दादा तोवर माझ्याशी बोलत नव्हते. फोन आईच घ्यायची. मी पुन्हा गावी गेले, कागद त्यांच्या पुढ्यात ठेवला आणि वाचून दाखवला: हे नाव माझं आहे, पण हे काम माझं नाही, ते माझ्या मुलीचं आहे.

"ही सही केली की अमेरिकेतलं नाव जाणार?"

"जाणार, दादा."

"समदीकडनं?"

खोटं बोलता आलं असतं. कुठंतरी राहील म्हणून सांगितलं असतं तर त्यांनी मानलंही असतं. "समदीकडनं," मी म्हणाले.

त्यांनी सावकाश सही केली आणि कागद माझ्याकडं न बघता सरकवला. "जा. बस चुकंल." स्टँडवर मी पदर तोंडाला लावून रडले. जिंकल्यासारखं काही म्हणजे काही वाटलं नाही. पण पुन्हा तीच वेळ आली असती, तरी मी पुन्हा तोच कागद पुढं केला असता.

दुरुस्ती छापून आली. लाल पानं माझीच आहेत हे विद्यापीठानं मान्य केलं आणि प्रबंध मुदतीत जमा झाला. दादांना मी कळवलं नाही. कुठल्या तोंडानं कळवणार? आईला तेवढं सांगितलं.

मग एका सुट्टीच्या दिवशी त्यांचाच फोन आला. मागं बाजाराचा कालवा ऐकू येत होता.

"बाई, हितं लई पंचाईत झालीय."

"काय झालं, दादा?"

"समद्यायला सांगितलं मी. ते काम माझं नव्हतं, खेळ आमच्या लेकीनं केलेला हाय म्हणून. कुणी इश्वासच ठेवना."

"का?"

"म्हणतेत, तुझं नाव होतं तवा आमी मानलं, आता पोरीचं कसं मानावं." त्यांचा आवाज चढला होता. "इतके दिवस मी खोटं सांगितलं तर समद्यायनी ऐकून घेतलं, चहा बी पाजला. आज खरं सांगायलोय तर हसायलेत. तू ये. मी हितंच बसतो."

मी पर्स उचलली आणि लोह्याची बस धरली.