मंदाच्या जड फायली

फोटो पडद्यावर उघडला की मंदा आधी चेहरे बघायची नाही, सावल्या बघायची. मांडवाच्या कोपऱ्यातला काळोख मोठा करून म्हणायची, "हितं अजून कायतरी हाय, दादा."

उरणकडच्या कोळीवाड्यातली ही बाई लग्न होऊन सुकापूरला आली आणि माझ्या पनवेलच्या स्टुडिओत दुसरा कॅमेरा धरू लागली. मी वीस वर्षं लग्नं टिपत आलेलो. जेपेगमध्ये काढायचो, कारण फाइल हलकी आणि गिऱ्हाइकाला त्याच संध्याकाळी मोबाइलवर फोटो. ती हट्टाने रॉमध्ये काढायची, म्हणजे कॅमेऱ्याला दिसलेलं सगळं जसंच्या तसं ठेवणाऱ्या जड फायलीत. एका हळदीत दोन मेमरी कार्डं भरायची. मी टोमणा मारला, तर म्हणाली, "जेपेग म्हंजे सुकट. हलकी, कुठं पन न्या. पन कॅमेऱ्यानं टाकून दिलं ते गेलं. सुकटीचा परत ताजा म्हावरा नाय व्हत."

वीस वर्षांत मला हे असं सांगता आलं नव्हतं, याचाच राग आला.

सुकापुरातल्या एका हळदीत नवरीचा आजा उजेडाकडे पाठ करून बसला होता. आम्ही दोघांनीही त्याला टिपलं. चार महिन्यांनी तो गेला. घरात त्याचा दुसरा धड फोटो नव्हता. मी माझा फोटो उजळवला, तर चेहऱ्यावर राखाडी चौकोन उठले. मंदाने तिची फाइल उघडली, सावलीतला उजेड हळूहळू वाढवला. काळोखातून म्हातारा बाहेर आला. सुरकुत्या, भरलेले डोळे, गालाला लागलेली हळद.

नवरीने फोटो छातीशी धरला. "कुनी काडला?"

"मी," मी म्हणालो.

मंदा शेजारीच उभी होती. "दादांचाच हाय," ती म्हणाली.

पुढे तिने रोडपालीला स्वतःचा स्टुडिओ थाटला. जाताना माझ्या कामांच्या सगळ्या रॉ फायली माझ्या डिस्कवर उतरवून दिल्या. मी दोन दिवस त्यात तिची चूक शोधत बसलो.

आज्याच्या वर्षश्राद्धाला गेलो, तेव्हा भिंतीवर तोच फोटो. न राहवून नवरीला सांगितलं, "हा मंदाने काढलाय. तेव्हा मी खोटं बोललो."

ती हसली. "तुमी पन ना, दादा. तिला किती मोठेपना देता. तिनंच सांगितलंय, आज्याचा फोटो तुमचा."

मी पुन्हा सांगितलं. कुणालाच पटेना. पंगतीतली माणसं माझ्याकडे कौतुकाने बघत होती, आणि मी ताटावर मान घालून मंदावर जळत होतो.