खुणेची तुळस

लिंबागणेशच्या बाजारात गोंदणारी ती म्हातारी सुई टोचताना कुणाशी तरी वाद घालायचीच. ऐकण्याच्या नादात पोरी रडायचं विसरत. त्या दिवशी पाद्रीसाहेब सापडले. गोंदणं पाप आहे म्हणाले, आणि कुमारीच्या पोटी जन्मलेल्या येशूची गोष्ट सांगू लागले.

"कर्ण बी कुवारीचाच. आमचंच उसनं नेलं व्हय?"

"उसनं नाही, बाई. आमचा प्रभू मेलेला उठला."

"मग लोकांनी वळखला कशावरनं?"

"हातावरच्या खिळ्यांच्या खुणांवरून."

"म्हंजे गोंदणावरनंच की, सायेब!"

पाद्रीसुद्धा हसले. मग तिने माझ्याकडे पाहिलं. माझी बायको जाऊन तीन महिने झाले होते.

"मास्तर, तुमच्या मालकिणीच्या हातावरली तुळस मीच गोंदलीया. वर गेल्यावर लगीच वळखाल."

सुईखालची पोर हसत होती. मीही हसत होतो, हे मला जरा उशिराच कळलं.