भोकाच्या पानांचा वेल

आमच्या शेजारच्या विमलबाई जन्मजात भित्र्या. पाल चुकचुकली तरी छातीत धस्स. शिळफाट्याच्या चाळीतली त्यांची खोली एकच. तिच्यात त्या, मुलगा चांगो, सून आवडी आणि उरलेल्या जागेत विमलबाईंची भीती.

शहात्तर साली आवडीला दिवस गेले. आधीची दोन्ही पोटं पडलेली. डॉक्टर म्हणाले, खाटेवरून उठायचं नाही. समोरची भिंत बघून पोर कंटाळली.

"आत्याबाई, कायतरी हिरवं टांगा ना. खाली तर जागाच नाय."

कोंडाजी माळ्याची हातगाडी दारात आली. त्याने दोन लोंबते वेल उचलून दाखवले. एकाची पानं जांभळ्या पट्ट्यांची. दुसऱ्याच्या पानांना ही मोठमोठी भोकं, कुणी कुरतडल्यासारखी. आवडीने खाटेवरून बोट दाखवलं ते भोकांकडे.

विमलबाई पांढऱ्याफटक. माझ्या कानाशी लागल्या, "इंदूबाय, वेल मांडवाला चढावा म्हणतात गं. ह्यो खाली लोंबतोय. त्यात भोकं! माज्या वंशाचा वेल..."

"मग नको म्हणा."

"डोहाळे कसे मोडू?"

इकडे आड, तिकडे विहीर! मी फिदीफिदी हसले.

वेल आला. विमलबाईंनी शेंडे सुतळीने वर वाशाला बांधले. नवा शेंडा पुन्हा खाली. नवं पान उलगडलं की त्या तोंड फिरवून आवडीला विचारत, "बघ गं, भोक हाय का?"

"हाय. बोट घालून बघा!"

लगेच मीठमोहऱ्या. आधी सुनेवरून, मग वेलावरून.

आवडीला दवाखान्यात नेलं, तर बाई वेलाखालून हलेनात. "मी उठले नि पान गळलं तर?"

मुलगी झाली, धडधाकट. बाराव्या दिवशी सोनार कान टोचायला आला. तार बघताच विमलबाईंनी नात पदराखाली लपवली.

"भोकं नाय पाडायची!"

"आत्याबाई," आवडी म्हणाली, "कान टोचले की पोर निरोगी राहतं, तुमीच म्हणता ना? मग ह्या वेलाचे जन्मतःच टोचलेत."

विमलबाईंनी वर पाहिलं. सोनार ताटकळला. अखेर त्यांनी पदर सोडला, डोळे मात्र गच्च मिटून. पोर केकाटली.

"बघा, सोनारानंच टोचावे लागतात कान," मी म्हणाले.

"गप गं! आधी रगत थांबलं का बघ!"

संध्याकाळी गेले तर वाशाची सुतळी सोडलेली. वेल खुशाल पाळण्यावर लोंबत होता. आणि विमलबाई खाली पदर पसरून उभ्या. एखादं पान पोरीच्या अंगावर पडलं तर?