आईसाठी मागितलेला उंबरा

त्या दुपारी देवी आहे की नाही, याची मला शंका होती. घरमालक आहेत, याची मुळीच नव्हती.

आई सकाळी धुळ्यातल्या एका दवाखान्यात वारली. तिला देवपुरातल्या आमच्या खोलीवर न्यायची तयारी चालली होती, तेवढ्यात घरमालक नानांचा फोन आला. "ताई, वाईट झालं. पण बॉडी इकडे आणू नका, परस्पर अमरधामला न्या. उद्या खोली दुसऱ्याला द्यायची म्हटली तर लोक विचारतात."

"नाना, इतकी वर्षं ती तिथंच राहिली."

"राहिली ना. राहायला आम्ही कुठं नाही म्हटलं?"

आवाज मवाळ होता. दर अकरा महिन्यांनी करार संपल्याची आठवणही ते ह्याच आवाजात करून देत.

आईनं घरकुलासाठी अर्ज केला होता. गावाबाहेर इमारती उभ्या राहिल्या, रंग लागला, आणि वाटपाविना कुलपातच राहिल्या. रिक्षातून जाताना ती त्या बंद खिडक्यांकडे बघायची आणि म्हणायची, "ह्यात कबुतरं राहतात बघ." शाळेच्या ग्रंथालयातल्या माझ्या पगारात बाजारभावाचं घर होणं शक्यच नव्हतं. रिकामी घरं आणि बेघर माणसं एकाच गावात ठेवण्याला कारभार म्हणतात, हे मला अजून गिळता येत नाही.

आमच्यात बाई गेली की तिला दाराशी अंघोळ घालतात आणि तिथंच माहेरची साडी पांघरतात. सावद्याहून मामा साडी घेऊन निघाले होते. त्यांचा फोन आला, "पोरी, भुसावळ सोडलं. कुठं येऊ?"

मला सांगता येईना. आपल्या आईचा पत्ता मला सांगता येईना.

मी दवाखान्याच्या पायरीवर बसले. आईची श्रद्धा कानबाईवर, आमच्या खानदेशात श्रावणात घरोघरी बसवतात त्या देवीवर, पण भाड्याच्या खोलीत तिनं कानबाई कधी बसवली नाही. "आपलं घर झालं की बसवू," म्हणायची. मी मनातल्या मनात देवीला म्हणाले, तुला घर नव्हतं म्हणून ती झुरली, आता तिला एक उंबरा तरी दे. ती प्रार्थना नव्हती, भांडण होतं. भांडूनही काही उरलं नाही, तेव्हा मी म्हणाले, आता तूच बघ.

आईच्या शेजारच्या खाटेवर एक म्हातारे होते. त्यांची बायको, जिला वॉर्डात सगळे अक्का म्हणत, माझ्या मागे येऊन उभी होती. तिच्याशी आमची ओळख पाण्याच्या तांब्यापुरती. तिनं माझे दोन्ही फोन ऐकले होते.

"घरधनी नही म्हनना का वं माय?"

मी मान डोलावली.

"मंग मना घर लई चल तिले. घरकुलमा शे, एकच खोली शे, पन मनी शे. तठे कोन नही म्हनी?" घरकुलातली तिची खोली एकच, पण स्वतःची; आईला तिथं ने, असं ती म्हणत होती.

परकं प्रेत आपल्या दारात कोणी घेत नाही. जुन्या घरकुलाच्या तळमजल्यावर आईला उतरवलं, तेव्हा समोरची बाई म्हणालीच, "अक्का, वळख ना पाळख, मढं दारमा?"

अक्का म्हणाली, "जित्ता मानूसनं भाडं लेतस, आते मढानं भी लेवानं का?"

ती बाई आत गेली आणि गरम पाण्याची बादली घेऊन बाहेर आली. अंघोळ झाली. मामा त्या दारात आले, साडी पांघरली, आणि आई उंबऱ्यावरून गेली.

दहा दिवस दिवा अक्काच्याच घरी जळला. मी रोज तेल घालायला जात होते. खोली लहान, पण सुनेचं शिलाई मशीन खिडकीशी कायमचं मांडलेलं होतं, आणि नातीची शाळा घर मिळाल्यापासून एकदाही बदलली नव्हती. दार लावून ही माणसं निर्धास्त झोपत. आईला तेवढंच हवं होतं.

देवीनं ऐकलं, असं मी मानते. कोणाला पटवायला जात नाही. आपल्या हातात काही उरलं नाही की सोडून द्यावं, हे त्या पायरीवर कळलं. मात्र शरण देवीला गेले, नानांना नाही, आणि त्या कुलपांनाही नाही. शाळा सुटल्यावर घरकुलाच्या कचेरीत मी आता आणखी चार बायांबरोबर, बंद घरांचं वाटप करा म्हणून, जाऊन बसते. जाण्याआधी देवीपुढं हात जोडते, तिचे आभार मानते, आणि सांगते की माझ्या आईला मिळाली तशी कृपा कोणाच्या आईला लागूच नये.